ऊब एकच चालेल, पाणी नाही
वाचकांचे प्रश्न : कोंबड्या आणि बदकं

प्रश्न : ताई, तीन आठवड्यांनी आमच्याकडे कोंबडीची आठ आणि बदकाची चार पिल्लं येणार आहेत, सगळी एका दिवसाची. कोंबड्या मी पूर्वी पाळल्या आहेत, बदकं पहिल्यांदाच. माझ्याकडे पुठ्ठ्याचं मोठं खोकं, एक बल्ब, पाण्याचं एक भांडं आणि चिक स्टार्टरची (लहान पिल्लांच्या पहिल्या खाद्याची) गोणी आहे. एवढ्यात दोन्ही सांभाळता येतील का, की सगळं दुहेरी घ्यावं?

उत्तर : तीन आठवडे आधी विचारलंत, फार बरं वाटलं. मला येणारी बहुतेक पत्रं पिल्लं आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लिहिलेली असतात, आणि तोवर खोक्यातल्या तुसाचा चिखल झालेला असतो.

बल्ब चालेल. खाद्यात थोडी भर घालावी लागेल. पुठ्ठ्याचं खोकं नको. आणि ते पाण्याचं एक भांडं बाजूला ठेवा, कारण तुमच्या तीन आठवड्यांतला सगळ्यात जास्त वेळ मी तुम्हाला पाण्याच्या सोयीवर घालवायला सांगणार आहे.

माझी पहिली मिश्र खेप सहा कोंबडीच्या आणि चार बदकाच्या पिल्लांची होती. तुमच्यासारखंच पुठ्ठ्याचं खोकं, मधोमध पाणी, वर बल्ब. दोन दिवस सगळी एकमेकांना बिलगून झोपत होती. कोंबडीची पिल्लं तर बदकांच्या पाठीवर चढून बसायची, इतकी ती गरम आणि मऊ. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहिलं तर खोक्याचा तळ भिजून फाटला होता, तूस काळा पडला होता, आणि कोंबडीची दोन पिल्लं कोपऱ्यात ओलीचिंब, डोळे मिटून पडली होती. हातात घेतली तेव्हा थंड लागली. एक तासाभरात गेलं, दुसरं दुपारी. बदकाची चारही पिल्लं मजेत पाणी उडवत होती. त्यांची काहीच चूक नव्हती. पाणी कुठे आणि कसं ठेवायचं हे मी ठरवलं होतं.

बदक पाण्याशिवाय खाऊ शकत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. एक घास खाद्याचा घेतला की ते लगेच पाण्याकडे धावतं, चोच बुडवून घुसळतं, परत खाद्याकडे येतं. शिवाय नाकपुड्या आणि डोळे धुण्यासाठी त्याला डोकं बुडवावंच लागतं. उथळ थाळीतून नुसतं प्यायला दिलं तर नाकपुड्यांत ओलं खाद्य सुकून बसतं आणि डोळे चिकटायला लागतात. म्हणजे पाणी कमी करून हा प्रश्न सुटत नाही. उलट कोंबडीच्या पिल्लाला खोल पाणी दिलं तर ते त्यात बुडून मरतं, आणि नुसतं भिजलं तरी पहिल्या आठवड्यात त्याचं अंग स्वतःची ऊब टिकवू शकत नसल्याने ते गारठतं.

म्हणून दोन भांडी, दोन प्रकारची. कोंबडीच्या पिल्लांना नेहमीचं अरुंद काठाचं चिक ड्रिंकर द्या आणि पहिले चार-पाच दिवस त्याच्या कडेत काचेच्या गोट्या टाका, म्हणजे चोच जाईल पण पिल्लू पडणार नाही. बदकांसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्याच्या बाजूंना गोल भोकं पाडा. भोक इतकंच हवं की पिल्लाचं डोकं आणि मान आत जाईल, खांदे अडतील. भोकांच्या कडा मेणबत्तीवर किंवा सँडपेपरने गुळगुळीत करून घ्या, नाहीतर मानेला कापतं. पाणी भोकाच्या थोडं खालपर्यंत भरा. पिल्लू डोकं बुडवू शकतं, आत शिरू शकत नाही. बदकं फार भराभर वाढतात, तेव्हा आठवड्याभराने मोठ्या भोकांचा दुसरा डबा लागेल. तो आताच करून ठेवा.

हा डबा थेट तुसावर ठेवायचा नाही. पसरट ट्रे घ्या, त्यावर लाकडी चौकट आणि चौकटीवर बारीक जाळी ठोका. डबा जाळीवर. सांडलेलं सगळं पाणी जाळीतून ट्रेमध्ये पडतं, ट्रे दिवसातून दोनदा रिकामा करायचा. जाळीची भोकं इतकी मोठी नकोत की पाय अडकेल. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात मिश्र पिल्लांसाठी याहून कामाची वस्तू मी पाहिलेली नाही. बाकी काही जमलं नाही तरी ही चौकट ठोका.

आता जागा. खोकं लांबट हवं. बारा पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे साधारण 6 फूट लांब, 3 फूट रुंद जागा पुरते. भिंती दीड फूट, तळ पाणी न शोषणारा. एका टोकाला बल्ब, दुसऱ्या टोकाला बदकांचं पाणी, मध्ये खाद्य आणि कोंबडीच्या पिल्लांचं ड्रिंकर. हे अंतर दोन कारणांसाठी ठेवायचं. बदकांनी उडवलेले पाण्याचे शिंतोडे तापलेल्या बल्बवर पडले तर काच फुटते. शिवाय दोघांना ऊब सारखी लागत नाही. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात, त्यांच्या पाठीच्या उंचीवर मोजलेलं, 33 ते 35 अंश सेल्सिअस तापमान हवं. नंतर दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. बदकाच्या पिल्लांना सुरुवातीला 30 ते 32 अंश पुरतात, आणि हवा फार थंड नसेल तर चौथ्या आठवड्याच्या आसपास त्यांना बल्ब लागतही नाही. लांब खोक्यात ज्याला जे हवं ते तो शोधतो. संध्याकाळी पाहाल, कोंबडीची पिल्लं बल्बखाली आणि बदकं हातभर लांब.

थर्मामीटर ठेवा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. सगळी बल्बखाली दाटीने चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. भिंतीला चिकटून, चोची उघड्या, पंख सैल सोडलेले, तर उकडतं आहे. पसरून निवांत झोपली असतील तर बल्बला हात लावू नका. बल्ब वायरीवर लोंबकळत ठेवू नका. साखळीने टांगा, आणि ती सुटली तर आधार राहावा म्हणून दुसरी दोरी बांधा. कोरडा तूस आणि गरम बल्ब यांच्यात आग लागायला वेळ लागत नाही. वीज गेली तर काय, हेही आधी ठरवा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तरी दोन तास निघतात.

तळाला वर्तमानपत्र पसरू नका. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात. पहिले दोन-तीन दिवस तुसावर खरखरीत कापड घाला, म्हणजे पिल्लं खाद्य समजून तूस खाणार नाहीत. तुसाची गादी दोन-तीन इंच जाड, आणि ओला भाग रोज उचलायचाच. ओल्या गादीत कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. तूस आणतानाच मूठभर हातात घेऊन हुंगा. बुरशीचा वास आला तर परत द्या. त्या बुरशीने पिल्लांच्या फुप्फुसांना धरलं की उपाय फारसा राहत नाही, आणि बदकं त्या बाबतीत नाजूक असतात.

तुमची चिक स्टार्टरची गोणी उघडण्याआधी लेबल वाचा. रक्ती हगवणीविरुद्धचं औषध मिसळलेलं असेल तर ती मिश्र पिल्लांसाठी वापरू नका. ते प्रमाण कोंबडीच्या पिल्लाच्या खाण्यावर बेतलेलं असतं, आणि बदकाचं पिल्लू त्याहून कितीतरी जास्त खातं. औषध नसलेलं, साधारण 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर दोघांना चालतं. पण त्यात बदकांसाठी एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे नायसिन, हे एक ब जीवनसत्त्व (ब-3). कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात 27 ते 35 मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला 55 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. त्यासाठी खाद्यात ब्रूअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची) पावडर मिसळा, किंवा पाण्यात विरघळणारं नायसिन पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घेऊन द्या. कोंबडीच्या पिल्लांनी ते खाल्लं तरी बिघडत नाही, त्यामुळे खाद्य वेगळं करायची गरज नाही. पहिले काही दिवस बदकांना खाद्य किंचित ओलं करून द्या, कोरडं पीठ त्यांच्या घशात अडकतं. ओलं खाद्य तास-दीड तासात उचला, आंबतं. आणि पाणी काढून घेतलं असेल तेव्हा खाद्यही काढून घ्यायचं, हा नियम मोडू नका.

किती दिवस एकत्र ठेवायची? माझं मत, दोन आठवडे नक्की, तीन आठवड्यांपर्यंत ओढू नका. पेकिनसारखी मांसल बदकं तीन आठवड्यांत किलोच्या आसपास जातात. तेव्हा अंडी देणाऱ्या जातीचं कोंबडीचं पिल्लू जेमतेम पाव किलोच्या आतच असतं. बदकं मुद्दाम त्रास देत नाहीत, पण घाबरून एकदम पळाली की खाली कोण आहे ते बघत नाहीत. म्हणून तीन आठवड्यांत दुसऱ्या खोक्याचीही तयारी ठेवा. थोडक्यात, तुम्ही विचारलेलं "दुहेरी" लागेल, पण पहिल्या दिवशी फक्त पाणी दुहेरी.

प्रश्न : माझी एक कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली कोंबडीची आणि बदकाची अंडी एकत्र ठेवली तर ती दोन्ही उबवेल का?

उत्तर : उबवेल, पण एकाच दिवशी ठेवू नका. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला 28. एकत्र ठेवलीत तर कोंबडीची पिल्लं आधी निघतील, ती चालू लागली की आई त्यांच्यामागे उठून जाईल, आणि बदकाची अंडी शेवटच्या आठवड्यात गार पडतील. म्हणून बदकाची अंडी आधी ठेवा, बरोबर सात दिवसांनी कोंबडीची. नंतर ठेवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा. मस्कोव्ही बदक असेल तर त्याला 35 दिवस लागतात, मग चौदा दिवसांचं अंतर. इतके दिवस बसणं कोंबडीला फार जड जातं, मी ते सुचवणार नाही.

बदकाची अंडी मोठी असतात. कोंबडीच्या अंगाखाली सगळी झाकली जातील एवढीच ठेवा, कोंबडी अंडी हलवत राहते, त्यामुळे कडेला उघडं राहायची पाळी एकेक करून सगळ्यांवर येते आणि सगळीच गार पडतात. बदकाच्या अंड्यांना ओलावा जास्त लागतो. शेवटच्या दोन आठवड्यांत कोंबडी खायला उठली की त्यांच्यावर कोमट पाणी हलकेच शिंपडा. आणि तिला रोज उठवून खायला, प्यायला लावा. काही कोंबड्या इतक्या मन लावून बसतात की स्वतःचं वजन घालवतात.

पिल्लं निघाल्यावर एक दृश्य पाहाल. बदकाची पिल्लं पहिलं डबकं दिसताच त्यात उतरतील आणि कोंबडी काठावरून जिवाच्या आकांताने ओरडेल. मी ते पाहिलं आहे आणि मला तिची दया आली होती. पहिले काही आठवडे तिला तो प्रसंग येऊ देऊ नका, तिच्यासाठीही आणि पिल्लांसाठीही. बदकीण आपल्या पिल्लांना कुशीत घेते तेव्हा तिच्या पिसांवरचं तेल त्यांच्या लवेला लागतं आणि ती पाण्यात भिजत नाहीत. कोंबडीच्या कुशीत ते मिळत नाही. अशी पिल्लं पाण्यात भिजतात, गारठतात आणि बुडूही शकतात. बल्बखाली वाढलेल्या पिल्लांचंही तेच. दुसऱ्या आठवड्यापासून कोमट पाण्याच्या पसरट घमेल्यात, तुम्ही समोर बसून, पाच मिनिटं. मग टॉवेलने पुसून लगेच उबेत. मोकळं पोहणं पिसं नीट आल्यावर, म्हणजे साधारण सात ते नऊ आठवड्यांनी.

प्रश्न : बदकाचं बारा दिवसांचं एक पिल्लू चालताना बसतं, पायाचा सांधा जाड दिसतो. बाकीची ठीक आहेत. लंगडतं आहे म्हणून वेगळं ठेवलं आहे.

उत्तर : वर्णनावरून मला पहिली शंका नायसिनच्या कमतरतेची येते. घोट्याचा सांधा सुजणं, पाय धनुकलीसारखे वाकणं, चालण्यापेक्षा बसून राहणं ही तिची खूण. पण सांध्यात जंतुसंसर्ग असेल तरी असंच दिसतं, म्हणून पिल्लू पशुवैद्याला दाखवा आणि खाद्याचं लेबल सोबत न्या. यात दिवस मोजावे लागतात. सुरुवातीला नायसिन मिळालं तर पिल्लू पुष्कळदा उभं राहतं, हाडं वाकून पक्की झाली की मग नाही. बाकीच्यांनाही आजपासून द्या, ती त्याच खाद्यावर आहेत. वेगळं ठेवताना जाळीच्या पलीकडे बाकीची दिसतील असं ठेवा. एकटं पडलेलं बदकाचं पिल्लू खाणं सोडतं.

प्रश्न : घरात शेंगदाणा पेंड आणि मका पडून आहे, थोडा कुबट वास येतो. कोंबडीच्या पिल्लांना देणार नाही, पण बदक काहीही खातं म्हणतात. उन्हात वाळवून बदकांना दिलं तर?

उत्तर : नका देऊ. कृपा करून नका देऊ. बदक काहीही खातं हे खरं, पण या एका बाबतीत बदकाचं पिल्लू आपल्या अंगणातल्या सगळ्या पक्ष्यांत दुबळं आहे.

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला "टर्की एक्स" म्हणत. बदकाची पिल्लंही मरत होती. शोध लागला तो खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. पेंडीला अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी लागली होती आणि तिने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. ते यकृत खातं. बदकाची पिल्लं त्याला इतकी लवकर बळी पडतात की त्या काळात पेंडीत विष आहे की नाही हे तपासायला एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरली जात.

उन्हात वाळवल्याने बुरशी मरेल, वास जाईल, विष तसंच राहील. उकळूनही ते नाहीसं होत नाही. वास घालवलेली पेंड तर मला जास्त धोक्याची वाटते, कारण पुढच्या वेळी घरातलं दुसरं कुणी ती चांगली समजून घालेल. ती गुरांनाही नको. पुरून टाका. गोणी जमिनीवर टेकवून ठेवत असाल तर ती सवयही आजच सोडा, फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

प्रश्न : मोठी झाल्यावर दोघं एका खुराड्यात राहतील का? लसी कशा द्यायच्या?

उत्तर : अंगण एक चालेल, रात्रीची जागा वेगळी केलेली बरी. कोंबडी दांडीवर बसते, बदक जमिनीवर झोपतं, आणि दांडीखाली झोपलेल्या बदकावर रात्रभर विष्ठा पडते. खरी काळजी नर बदकाची. त्याला मादी बदकं कमी पडली की तो कोंबड्यांच्या मागे लागतो, आणि त्याच्या शरीराची रचना कोंबड्याहून वेगळी असल्याने कोंबडीला आतून गंभीर इजा होते. एका नरामागे चार-पाच बदकिणी ठेवा आणि तरीही तो कोंबड्यांवर चढताना दिसला तर त्याला वेगळा करा. पिल्लं एकत्र वाढली आहेत म्हणून तो तसं करणार नाही, हा समज चुकीचा आहे.

कोंबडीच्या पिल्लांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पहिल्या आठवड्यात द्यायची असते. ती डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्या, पाण्यातून नको. मिश्र खोक्यात पाणी कुणी किती प्यायलं याचा हिशेब लागत नाही. बदकांच्या लसी वेगळ्या, त्या पशुवैद्याला विचारून. पिल्लं हाताळली की लहान मुलांचे हात साबणाने धुवा, निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येतो.

प्रश्न : तीन बदकाच्या पिल्लांपैकी दोन गेली. एक उरलं आहे, नऊ दिवसांचं. ते दिवसभर ओरडतं आणि मी दिसले की गप्प होतं. कोंबडीची पिल्लं आहेत, त्यांच्यात सोडलं तर रुळेल का? मला ते फार जवळचं वाटू लागलं आहे.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बदकाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसात जे हलतं-बोलतं दिसतं त्यालाच आई मानतात. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला होता, ती पिल्लं रांगेने त्याच्यामागे चालत. तुमचं पिल्लू तुम्हाला धरून बसलं आहे, ते यामुळेच. पण तुम्ही रात्री झोपणार, बाहेर जाणार, आणि ते तेवढा वेळ हाका मारत राहणार.

कोंबडीच्या पिल्लांत सोडा, आजच. ती एक-दोन आठवड्यांची असतील तर उत्तम. सोबत मिळेल, ऊब मिळेल. पण ती पाण्याशी खेळणार नाहीत, त्याच्यासारखी पडून चोचीने चिखल चाळणार नाहीत, आणि महिन्याभरात दांडीवर जाऊन बसतील तेव्हा ते खाली एकटंच राहील. तेव्हा जवळपास वयाची दोन पिल्लं शोधा. दोन अशासाठी की एक गेलं तरी पुन्हा हीच वेळ येऊ नये. मात्र आधीची दोन कशाने गेली ते कळलं नसेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय नवी आणू नका. भांडी आणि खोकं धुऊन उन्हात ठेवा, तूस सगळा बदला. नवी आली की आठवडाभर दुसऱ्या जागी ठेवून ती निरोगी आहेत ना ते बघा, मग संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर याच्याजवळ सोडा. पहिली रात्र तुम्ही खोक्याजवळ बसा. ते तुमच्याकडे बघून ओरडेल. उचलून घेऊ नका, नुसता आवाज द्या.